परसबागेचा गादी वाफा: वर वीतभर उंच, खाली जमीन उघडी



रोहिणी लागल्यात, दोन आठवड्यांत मृग. घराघरात सोयाबीनची उगवण तपासणी चालू आहे, त्याचा मेसेज वेगळा येईल. आजचा विषय वावरातला नाही, घरामागचा आहे. मेसेज मोठा आहे. एका बैठकीत जमलं नाही तर दोनदा वाचा. आणि मोबाईल ज्यांच्या खिशात असतो त्यांनी तो स्वतःपुरता ठेवू नका. घरात जी परसबाग बघते तिला वाचून दाखवा. हा मेसेज खरं तर तिच्यासाठीच आहे.

*आधी माझी चूक सांगते*

मागच्या वर्षी याच दिवसांत मी परसबागेचा मेसेज टाकला होता. त्यात लिहिलं होतं की हराळी आणि लव्हाळ्याचा त्रास नको असेल तर खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरा, त्यावर सहा इंच माती आणि खत टाका, भाजी लावा. वाचायला सोपं, करायलाही सोपं. बऱ्याच जणींनी तसंच केलं.

जुलैत झड लागली. नंतर मी गावभेटीला गेले तेव्हा मेथी पिवळी पडलेली, मिरचीच्या रोपांनी माना टाकलेल्या. एक रोप उपटून पाहिलं. मुळं तपकिरी, आणि नुसतं बोट लावलं तरी साल सुटत होती. खाली कागदावर काळा चिखल, त्याला आंबूस वास. एका मावशींनी लेक बाळंतपणाला येणार म्हणून दोन वाफे खास शेपू आणि मेथीचे केले होते. लेक आली, पण वाफे गेले होते. बाळंतिणीचा शेपू बाजारातून आणावा लागला, तोही भाजीचे भाव चढलेले असताना. मावशी मला रागावल्या नाहीत. चहा केला. चहा देताना एवढंच म्हणाल्या, "पोरी, तू सांगितलं तसंच केलं होतं गं."

त्याच गल्लीत एका आजींनी "कागदाला पैसे कोण घालतंय" म्हणून तो अंथरलाच नव्हता. त्यांनी कुदळीनं जागा खणली, शेणखत मिसळलं, आजूबाजूची माती ओढून वाफा केला. वाफ्याची उंची तेवढीच, पाऊसही तोच. त्या दिवाळीपर्यंत मिरची तोडत होत्या.

फरक फक्त खालच्या जमिनीचा होता. म्हणून या वर्षी सगळं नीट, कारणासकट लिहिते.

*वाफ्याची उंची कशासाठी असते?*

आपली माती काळी, चिकण. पाणी धरून ठेवते, भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. झडीमध्ये मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरतात. मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि मग बुरशी लागते. आपण म्हणतो मर लागली, पण सुरुवात साचलेल्या पाण्यापासून झालेली असते.

सोयाबीनला आपण बीबीएफनं पेरतो ते याच कारणासाठी. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट संस्था आहे. तिथं काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा आणि सरीवर १९७० च्या दशकापासून काम झालं. साधारण मीटरभर रुंद वरंबा, बाजूला अर्ध्या मीटरची सरी. जादा पाणी सरीतून निघून जातं, वरंब्यावर हवा खेळती राहते. आपला गादी वाफा म्हणजे त्याचंच घरगुती रूप.

म्हणजे वाफ्याची उंची *जादा पाणी काढून देण्यासाठी* असते. मुळांना राहायला जागा मिळते ती वरचा वाफा आणि खालची जमीन मिळून. वाफा वीतभरच असला तरी चालतो, कारण खाली आणखी हात-दीड हात जमीन असते. खाली कागद टाकला की ती जमीन तोडली. मग सहा इंच म्हणजे सहाच इंच.

*घरी करून बघा: स्पंजचा प्रयोग*

भांडी घासायचा नवा, लांबट स्पंज घ्या. पाण्यात पूर्ण बुडवा. बाहेर काढून दोन्ही तळहातांवर आडवा धरा, पिळू नका. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज न दाबता उभा करा. परत पाणी गळायला लागेल.

स्पंज तोच, पाणी तेच. पण आडवा असताना उंची कमी, म्हणून जास्त पाणी अडकून राहतं. मातीचंही असंच. थर जितका उथळ आणि खालून तुटलेला, तितका त्याचा मोठा भाग ओला गच्च राहतो. खाली सलग जमीन असली की ती उभ्या स्पंजासारखं पाणी खाली ओढून घेते.

यावरून अजून एक गोष्ट. "कागदाऐवजी तळाला खडी टाकली तर निचरा होईल ना?" असं बरेच जण विचारतात. नाही होत. बारीक माती आपलं पाणी खालच्या खडीला सहजासहजी सोडत नाही. वरची माती गच्च होईपर्यंत पाणी वरच राहतं. वर उंची वाया गेली ती वेगळीच. खडी रस्त्याला ठेवा.

*जागा निवडताना दोन चाचण्या*

१) *खड्ड्याची चाचणी.* फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. पाण्यानं भरा, ते मुरू द्या. परत भरा. दुसरं पाणी रात्रभरात मुरलं तर जागा चांगली. सकाळीही पाणी उभं असेल तर जागा बदला. दुसरी जागाच नसेल तर वाफा दीड वीत उंच करा आणि सरी नीट उतरती काढा.

२) *सळईची चाचणी.* बांधकामातली उरलेली सळई ओल्या जमिनीत हातानं दाबा. एका जागी नाही, चार ठिकाणी. पाच-सहा इंचांवर अडली तर खाली कठीण थर आहे. घरामागं बैलगाडी, ट्रॅक्टर उभा राहतो तिथं हमखास असतो. तो थर आधी फोडायचा.

याशिवाय दिवसातून पाच-सहा तास ऊन हवं. कडुलिंब किंवा चिंचेच्या अगदी बुडाशी वाफा नको, झाडाची मुळं सगळं ओढून घेतात.

*वाफा करायची पद्धत*

माप: रुंदी ३ फूट, लांबी १० फूट, दोन वाफ्यांत दीड फुटाची सरी. रुंदी यापेक्षा वाढवू नका. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, म्हणजे वाफ्यावर पाय द्यावा लागत नाही. काळ्या मातीवर ओलं असताना एकदा पाय पडला की ती जागा दगड होते.

१) *आत्ता, पावसाआधी:* कुदळीनं किंवा टिकावानं जागा ८ ते ९ इंच खणा. माती बाहेर काढू नका, जागच्या जागी उलथा. खड्डा करून भरला तर काळ्या जमिनीत त्याची टाकी होते, पावसाचं पाणी त्यात येऊन बसतं.

२) *हराळी आणि लव्हाळा:* खणताना हराळीच्या काड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी हातानं वेचा. वेचलेलं उकिरड्यावर टाकू नका, खतातून परत येतं. कडक उन्हात वाळवून जाळा. उन्हाचे हे दिवस त्यासाठीच कामाचे आहेत. लव्हाळ्याच्या सगळ्या गाठी एका वर्षात निघणार नाहीत, हे मान्य करूनच सुरुवात करा. वाटलं तर साध्या पुठ्ठ्याचा एक थर खाली टाका. चिकटपट्टी काढून टाका, पुठ्ठा भिजवा. त्यातून पाणी जातं, दोन-तीन महिन्यांत तो कुजतो, मुळं खाली उतरतात. तण थोपतं, संपत नाही. पण प्लॅस्टिक, फ्लेक्स, ताडपत्री, खताच्या गोण्या *काहीही नको*.

३) *खत:* ३ बाय १० च्या वाफ्याला चांगलं कुजलेलं शेणखत १० घमेली. हा साधारण दोन इंचांचा थर होतो. सोबत निंबोळी पेंड १ किलो. हे वरच्या मातीत मिसळा. खत कुजलेलं हवं, म्हणजे हातात घेतलं तर भुसभुशीत, वास नसलेलं. अर्धकच्च्या खतातून हुमणी आणि वाळवी येते. जमलं तर १०० किलो खताला १ किलो ट्रायकोडर्मा मिसळा, सावलीत आठवडाभर झाकून ओलसर ठेवा, मग वापरा.

४) *उंची:* आता दोन्ही बाजूंच्या सरीतली चार-चार बोटं माती काढून वाफ्यावर ओढा. यात दोन कामं होतात. वाफा उंच होतो आणि सरी खोल होते. नवा वाफा वीतभर, म्हणजे नऊ इंच ठेवा. दोन मोठ्या पावसांनी तो बसून सहा इंचांवर येईल. सुरुवातीलाच सहा ठेवला तर मागं चारच राहतो.

५) *कडा:* उभ्या कापू नका, उतरत्या ठेवा आणि हातानं थापटा. विटा, दगड लावायची सक्ती नाही. लावलेच तर मधे फटी ठेवा.

६) *सरीचं तोंड:* उताराच्या बाजूला उघडं. दहा फुटांत एक-दोन बोटं उतार पुरे. सगळ्या सऱ्यांचं पाणी कुठं जाईल ते आधी ठरवा. ते शेजारच्या ओट्याखाली जाता कामा नये.

*माती ओली झाल्यावर काम करायचं असेल तर वाफसा बघा.* मुठीत माती दाबून गोळा करा, कमरेइतक्या उंचीवरून टाका. फुटला तर वाफसा आहे. चपटा होऊन चिकटला तर दोन दिवस थांबा. चिखलात खणलेल्या काळ्या मातीची ढेकळं पूर्ण हंगाम फुटत नाहीत.

माती कमी पडली म्हणून वावरातून आणत असाल तर तणनाशक मारलेल्या तुकड्यातली आणू नका. सोयाबीनच्या काही तणनाशकांचा अंश जमिनीत बराच काळ राहतो आणि भाजीपाल्याला मारतो.

*कुठल्या वाफ्यात काय लावायचं*

🌱 *पालेभाज्या (२५ ते ४५ दिवस):* माठ, पालक, अंबाडी, शेपू, मेथी, कोथिंबीर. यांचं काम वरच्या सहा इंचांत भागतं. झडीत माठ आणि अंबाडी चांगली टिकतात. मेथी, शेपू आणि कोथिंबीर नाजूक, त्यामुळं सगळं बी एकदम टाकू नका. दर दहा दिवसांनी अडीच-तीन फुटांची पट्टी पेरा. एक पट्टी पावसात गेली तरी दुसरी हाताशी राहते. धने रगडून दोन भाग करून पेरा.

🌱 *मुळा:* भुसभुशीत माती वीतभर तरी हवी, नाहीतर मुळा वाकडा होतो, फाटा फुटतो. पावसाळ्याला पुसा चेतकी ही जात चालते.

🌱 *फळभाज्या:* मिरची, वांगी, भेंडी, गवार, टोमॅटो. यांची मुळं दीड-दोन फूट आणि त्याहूनही खाली जातात. खालची जमीन उघडी असेल तरच वीतभर वाफ्यावर घ्या. ३ फुटी वाफ्यात:
• मिरची: दोन ओळी, ओळींत दोन फूट, रोपांत दीड फूट
• भेंडी: दोन ओळी, ओळींत दीड फूट, रोपांत एक फूट. परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती ही जात केवड्याला (पानं पिवळी पडणारा रोग) बऱ्यापैकी तोंड देते.
• वांगी: मधोमध एकच ओळ, दोन फुटांवर. कडेला पालक घेता येतो, वांगं मोठं होईपर्यंत तो निघतो.

🌱 *वेल:* दोडका, कारलं, दुधी, काकडी वाफ्यात नको, ते सगळी जागा खातात. कुंपणाच्या कडेला मातीचा उंचवटा करून लावा आणि मांडवावर चढवा.

पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळा. प्रमाण किलोला ५ ग्रॅम, म्हणजे घरच्या पुडीला चिमूटभर पुरतो.

*पाण्याचा हिशोब*

आपला वाफा ३० चौरस फुटांचा. त्याच्यावर एका दिवसात ६५ मिलिमीटर पाऊस पडला तर १८० लिटर पाणी पडतं. १५ लिटरच्या बारा बादल्या! एवढं पाणी वाट मागणारच. म्हणून मोठा पाऊस थांबला की आधी सरीचं तोंड बघा. गाळानं बुजलं असेल तर खोऱ्यानं मोकळं करा. हे पाच मिनिटांचं काम आहे. औषधापेक्षा याचा उपयोग जास्त.

आता उलटी बाजू. पाऊस उघडला आणि ऊन तापलं की हाच वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा लवकर वाळतो. कडक उन्हात त्याला दिवसाला साधारण एक बादली लागते. पालेभाजीला रोज थोडं द्या. फळभाजीची मुळं खाली उतरल्यावर दोन-तीन दिवसांनी भरपूर द्या. नेमकं केव्हा द्यायचं हे बोट सांगतं. वाफ्यात बोट दोन पेरं खुपसा, तिथं ओल लागली तर पाणी नको. पण काळ्या मातीला भेगा पडेपर्यंत थांबू नका. भेगांनी बारीक मुळं तुटतात.

उघडिपीत सोयाबीनच्या भुसकटाचं आच्छादन करा, बुंध्यापासून चार बोटं लांब. शंखी गोगलगाय असलेल्या गावांनी झडीच्या दिवसांत आच्छादन काढून ठेवावं, तिला तिथंच लपायला जागा मिळते. संध्याकाळी गोगलगायी वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका. उघड्या हातानं धरू नका, पिशवी घाला.

*औषधाचं थोडक्यात*

रोज हातानं तोडून खायची भाजी आहे, तेव्हा वावरातला पंप इथं आणू नका. मावा, तुडतुडे दिसले तर ५ टक्के निंबोळी अर्क: १० लिटर पाण्याला अर्धा किलो वाळलेली निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, सकाळी गाळून थोडा साबण घालून संध्याकाळी फवारायचा. येत्या महिन्यात झाडाखाली निंबोळ्यांचा सडा पडेल, पोरांना वेचायला लावा. लागवडीला *फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे, कॅन अजिबात वापरू नका*, कितीही धुतले तरी.

*ज्यांच्या मागं फरशी किंवा सिमेंट आहे त्यांच्यासाठी*

तिथं खालची जमीन मिळणारच नाही. मग थर किमान नऊ इंच ठेवा, निम्मी माती, निम्मं कुजलेलं खत. नुसती काळी माती नको. विटांच्या खालच्या ओळीत हातभर अंतरानं फटी ठेवा. फक्त पालेभाजी घ्या. मिरची, वांगं हवंच असेल तर भोकं पाडलेल्या मोठ्या पिशवीत, दीड फूट माती भरून, एका पिशवीत एकच रोप.

*मागच्या वर्षीचा कागद अजून खाली आहे का?*

असेल तर तो या आठवड्यात काढा. वरची माती एका बाजूला ओढा, कागद काढा, खालची जमीन खणा, मग तीच माती आणि नवं खत टाकून वाफा उभा करा. माती वाया जात नाही. दोन माणसांचं एका वाफ्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. जिथं मनुष्यबळ नाही तिथं कळवा. रविवारी आम्ही तिघं-चौघं संकलन केंद्रावरून निघतोय. कागद माझ्या सांगण्यावरून टाकला होता, काढायलाही मी येते. पहिलं घर त्या मावशींचं ठरलंय. लेकीचं बाळ आता रांगतंय, त्यामुळं वाफ्याला कुंपणही करायचं आहे म्हणाल्या.

*आठवड्याचं काम एका नजरेत*
✅ आज-उद्या: खड्डा आणि सळई चाचणी
✅ चार दिवसांत: खणणं, हराळी वेचणं, उन्हात वाळवणं
✅ मृगाच्या आधी: खत मिसळून वीतभर वाफा, उतरती सरी
✅ पहिल्या चांगल्या पावसानंतर, वाफसा आल्यावर: पालेभाजीची पहिली पट्टी, भेंडी, गवार
✅ मिरची, वांग्याची रोपं आत्ता टाकली तर पाच-सहा आठवड्यांत लावणीला येतात

वाफा झाला की फोटो पाठवा. नुसता वरून नको, सरीत उभं राहून बाजूनं काढा, म्हणजे उंची आणि उतार दिसेल. काही चुकतंय असं वाटलं, किंवा *मीच काही चुकीचं सांगितलंय असं वाटलं*, तर लगेच बोला. मागच्या वर्षी आजींनी न विचारता स्वतःच्या डोक्यानं केलं आणि त्यांचं बरोबर निघालं. तेव्हा विचारायला लाजू नका, आणि मला सांगायलाही.

तुमची,
कृषी सल्लागार ताई
आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌱